भाकरी चतकोर की आख्खी?

‘शिक्षण?’

‘सातवी. म्हंजी सातवीत गेल्ते, परीक्षा न्हाई दिली.’

‘अनुभव?’

‘हाय की. लगीन झाल्यापास्नं सैपाकच करतीय.’

‘तसा नाही हो. नोकरीचा?’

‘न्हाई.’

‘आणि हा कौशल्यांचा रकाना कोराच ठेवलाय तुम्ही?’

‘त्यात काय लिवायचं असतं, बाई?’

मैत्रिणींनो, हा शेवटचा प्रश्न मला विचारला गेला होता. आणि खरं सांगते, एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. मी नुसतं हसले आणि म्हटलं, ‘असू द्या.’

झालं असं, की आमच्या तालुक्याच्या गावी मुलींचं एक वसतिगृह आहे. सत्तर मुली. आजूबाजूच्या खेड्यांतून कॉलेजला येणाऱ्या, बहुतेकींच्या घरी कोरडवाहू जमीन आणि दोन गाई. तिथल्या भोजनगृहाची जबाबदारी सांभाळणाऱ्या बाई वयामुळे थांबल्या. नव्या बाई नेमायच्या म्हणून तिघांची समिती केली, त्यात मी. चार अर्ज आले होते. त्यातला एक या मावशींचा. गावातल्या सप्ताहाला पाचशे-सातशे माणसांच्या पंगतीची आमटी ज्यांच्या हाताखाली शिजते, त्या या मावशी. हे आम्हां तिघांनाही ठाऊक होतं. तिघांनीही ती आमटी भुरके मारून खाल्लेली! पण समोर अर्ज होता आणि अर्जातला रकाना कोरा होता. दुसऱ्या एका मुलीच्या अर्जाला खाद्यपदार्थ बनवण्याच्या दोन महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र जोडलेलं होतं, बारावीची गुणपत्रिका होती, एमएस-सीआयटी होतं. आम्ही तिला घेतलं.

मुलगी गुणी होती, हे आधीच सांगते. चूक तिची नव्हती. पण एका दिवशी भाताचं पातेलं तसंच उरायचं, दुसऱ्या दिवशी शेवटच्या दहा मुलींना पोळी पुरायची नाही. सिलिंडर महिन्याच्या बावीस तारखेलाच संपायचे. हाताखालच्या दोघींचं आपसात जमेना, कारण भांडी कुणी आणि कणीक कुणी हे कुणी ठरवलंच नव्हतं. किराणा दुकानदाराने तूरडाळीत काय मिसळलंय हे तिला कळायचं नाही आणि कळलं तरी त्याला परत पाठवायची हिंमत व्हायची नाही. दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. जाताना माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, ‘बाई, मला रेसिपी शिकवल्या होत्या. हे असलं सगळं कुणी शिकवलंच नव्हतं.’

हे वाक्य मला फार लागलं. आम्ही काय निवडत होतो आणि काम काय होतं, यात केवढी दरी होती!

भाऊबीजेला माझी पुतणी आली होती. ती सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करते. जेवता जेवता तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, ‘काकू, तुमच्याकडे कॉम्पिटन्सी मॉडेल नव्हतं ना, म्हणून.’

‘म्हणजे काय गं?’

तिने वहीचा कागद घेतला आणि एक गोल काढला. गोलाचे चार भाग केले. म्हणाली, ‘आमच्याकडे प्रत्येक लाइनवर भिंतीला एक तक्ता लावलेला असतो. डाव्या बाजूला कामगारांची नावं, वर कामांची नावं. मधल्या प्रत्येक चौकटीत असा गोल. एक भाग काळा केला म्हणजे तो माणूस अजून शिकतोय. दोन भाग म्हणजे कुणी जवळ उभं असेल तर करू शकतो. तीन म्हणजे एकटा करू शकतो.’

‘आणि चारही भाग भरले की?’

‘की दुसऱ्याला शिकवू शकतो.’

मी म्हटलं, ‘अगं, ही तर भाकरी आहे! चतकोर, अर्धी, पाऊण, आख्खी.’ ती इतकी हसली, की तिच्या ताटातली चकली खाली पडली. पण मला मात्र त्या क्षणी गोष्ट उलगडली. मग तिने नीट समजावून सांगितलं. आधी कामाचे बारीक भाग पाडायचे. हे काम उत्तम करणारी माणसं नेमकं काय करतात, ते बघायचं. त्यांना काय माहीत असतं, त्यांच्या हाताला काय येतं आणि ती वागतात कशी, हे तिन्ही लिहायचं. लिहायचंही असं, की डोळ्यांना दिसावं. ‘हुशार असावी’ असं लिहून चालत नाही. ‘उद्या किती मुली जेवायला आहेत हे रात्रीच विचारून घेते’ असं लिहायचं. मग प्रत्येकीची भाकरी कुठे चतकोर आहे ते बघायचं आणि तेवढंच शिकवायचं. जिला हिशेब येतो तिला पुन्हा हिशेबाच्या वर्गात बसवायचं नाही. जिला येत नाही, तिला मात्र तो शिकवल्याशिवाय ‘तुला जमत नाही’ म्हणायचं नाही.

या कल्पनेचं मूळ तिनेच मला सांगितलं आणि नंतर मी थोडं वाचलं. हार्वर्ड विद्यापीठात डेव्हिड मॅक्लेलंड नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९७३ साली त्यांनी एक लेख लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की माणसाची बुद्धी मोजणाऱ्या परीक्षा घेण्यापेक्षा कामाला लागणारी कुवत तपासा. अमेरिकी सरकार परदेशात पाठवायचे माहिती अधिकारी परीक्षेच्या गुणांवर निवडायचं. पण जास्त गुणवाले तिकडे जाऊन चांगलं काम करतातच असं दिसेना. तेव्हा मॅक्लेलंड यांच्या माणसांनी उत्तम अधिकारी आणि साधारण अधिकारी यांना गाठून ‘तुम्ही कठीण प्रसंगी नेमकं काय केलंत?’ असं विचारलं. फरक निघाला तो समोरच्या परक्या माणसाच्या मनातलं ओळखण्यात, त्या देशात कुणाचं कुणाशी कसं आहे हे पटकन हेरण्यात. आता मला सांगा, नव्या सुनेला सासरी पहिल्या महिन्यात दुसरं काय करावं लागतं? पण त्याचा रकाना कुठल्या अर्जात असतो?

हे सगळं ऐकताना माझ्या डोक्यात मात्र अमेरिका नव्हती. जामखेड होतं. माझं माहेर त्याच भागातलं. आणि आपल्या जिल्ह्यात हा प्रयोग, त्याला असलं इंग्रजी नाव न देता, पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेलेला आहे. तोही कारखान्यात नव्हे. कुडाच्या आणि धाब्याच्या घरांत.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं १९७० साली जामखेडला आलं. दुष्काळी मुलूख. तिथे सुरुवातीच्या काळात दर हजार जन्मलेल्या बाळांमागे पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात होती. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यात पाठवून बघितलं. ते जमलं नाही. शहरातून आलेली तरुण मुलगी एकटी खेड्यात राहायला बिचकायची आणि गावातल्या बाया तिच्यापाशी मोकळ्या व्हायच्या नाहीत. मग विचार पुढे आला, की गावातलीच बाई का नको? गावानेच निवडायची. बहुतेक बायका अशा निघाल्या, की ज्यांनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. कित्येक दलित समाजातल्या, कित्येक विधवा किंवा टाकलेल्या.

आता विचार करा. त्या वेळी डॉक्टरांनी ‘शिक्षण?’ हाच प्रश्न पहिला विचारला असता, तर?

त्यांनी प्रश्न वेगळा विचारला. या गावात माणसं कशाने मरतात आणि ते थांबवायला कुणाला काय करता आलं पाहिजे? उत्तरातून यादी तयार झाली. जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी करून पाजता आलं पाहिजे. गरोदर बाईला हात लावून, बघून, बोलून धोका ओळखता आला पाहिजे. बाळंतपण स्वच्छ झालं पाहिजे आणि नाळ स्वच्छ पात्याने कापली गेली पाहिजे. पोराचं वजन करून ते सुकतंय की वाढतंय हे आईला पटवता आलं पाहिजे. कातडीवरचा सुन्न चट्टा बघून कुष्ठरोगाची शंका यायला हवी, खोकला हटत नसेल तर क्षयाची. आणि काय आपल्याला जमणार नाही, दवाखान्यातच न्यायला हवं, हेही वेळेत कळलं पाहिजे. यातल्या एकाही गोष्टीला दहावीचं सर्टिफिकेट लागत नाही. लागतं ते शिकणं, आणि ते त्यांनी भरपूर दिलं.

ते कसं दिलं तेही बघण्यासारखं आहे. कोर्स केला, कागद दिला आणि निरोप दिला, असं नाही. या बायका जामखेडला पुन्हा पुन्हा यायच्या. गोल करून बसायच्या आणि आपापल्या गावात काय घडलं ते सांगायच्या. एकीच्या गावातलं अडलेलं बाळंतपण बाकीच्यांचा धडा व्हायचा. जुनी बाई नवीला शिकवायची. औषधांच्या आधी त्यांना धीट केलं, एका पंगतीला बसवलं. कारण सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात शिरून सुनेच्या पोटाला हात लावायचा तर आधी स्वतःच्या मनातली भीती जायला हवी. हे वागण्याचं शिक्षण. माझ्या पुतणीच्या फाइलमध्ये त्याला ‘अ‍ॅटिट्यूड’ म्हणतात आणि दोन ओळींत उरकतात. जामखेडला तेच आधी होतं.

माझ्या माहेरची एक आठवण सांगते. आमच्या आळीतल्या एका बाळंतिणीला दूध येत नव्हतं आणि सासू पोराला गुळाचं पाणी चाटवत होती. शेजारच्या वस्तीवरची एक बाई आली. तिला लिहिता येत नव्हतं, हे आम्हां पोरींना माहीत होतं. ती सासूशी एक शब्द भांडली नाही. तिने सासूलाच जवळ बसवलं, ‘आत्याबाई, तुमच्या येळंला कसं केलं व्हतं?’ म्हणून विचारलं आणि बोलता बोलता पोर छातीला लावून दिलं. मी तेव्हा डीएडला होते. बालमानसशास्त्राचं पुस्तक पाठ होतं माझं. पण ते ‘तुमच्या येळंला कसं केलं व्हतं’ मला कधीच सुचलं नसतं.

जामखेडच्या कामाची कीर्ती लांब गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या पुस्तकात जामखेडवर एक प्रकरण होतं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बालमृत्यूचा आकडा पुढच्या वीसेक वर्षांत विसाच्या आसपास आला. १९८८ साली तर जामखेडच्या मुक्ताबाई पोळ अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठमोठ्या तज्ज्ञांपुढे बोलल्या. त्या सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, महाग आणि उंचावरचे. आणि आपण पणतीसारख्या. साध्या, स्वस्त, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. झुंबराचं तसं होत नाही.

पुतणीच्या तक्त्यातली आख्खी भाकरी ती हीच. जिला दुसरीला शिकवता येतं, ती पूर्ण.

याच धर्तीवरची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, ती गडचिरोलीची आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे प्रश्न होता न्यूमोनियाचा. लहान पोराला न्यूमोनिया झालाय का, हे ओळखायची एक खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ आणि त्याहून मोठ्याचे पन्नास किंवा जास्त श्वास झाले तर धोका. पण गावातल्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं, हातात घड्याळ नव्हतं. सरळ उपाय काय होता? ‘मोजता येत नाही, सबब अपात्र.’ आपण बहुतेक ठिकाणी हेच करतो. त्यांनी काय केलं, तर एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ घेतलं आणि त्याच्याजवळ मणी बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर पोराला न्यूमोनिया समजायचा. झालं! दहापर्यंत मोजता येणारी बाई आता न्यूमोनिया ओळखू लागली.

या मण्यांवर मी खूप विचार केला. कामाला लागणारी कुवत होती ‘भरभर चाललेला श्वास ओळखणं’. साठपर्यंत अंक येणं ही कुवत नव्हतीच, ती आपल्या शाळेची सवय होती. हा फरक एकदा कुणीतरी नीट केला आणि दार उघडलं. पुढे याच संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, बाळाचं वजन करतात, ताप बघतात, त्यामागे हे काम आहे.

आता आशाताईंचा विषय निघालाच आहे तर एक बोचरी गोष्ट बोलते. २००५ साली आशा योजना आली तेव्हा किमान आठवी शिकलेली बाई हवी अशी अट होती. योग्य बाई नाहीच मिळाली तर सवलत. पुढे बहुतेक ठिकाणी दहावीचा आग्रह आला. म्हणजे जामखेडची ती पहिली बाई, जिच्याकडे बघून जगाने धडा घेतला, ती आज अर्ज करायला गेली तर बहुधा पहिल्याच टेबलावरून परत येईल. अट अगदीच निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. आशाताईंना रजिस्टरं भरावी लागतात, आता तर मोबाइलवरही माहिती भरावी लागते. वाचता-लिहिता येणं हीसुद्धा कुवतच आहे. पण मग ती यादीतली एक ओळ असू द्या, जी नसली तर शिकवता येते. सासूला न दुखावता बाळ छातीला लावणं हे शिकवायला जास्त वेळ लागतो, त्याची मात्र अट नाही!

दुसरी बोच पैशाची. आशाताईंना काय काय आलं पाहिजे याची यादी सरकारकडे भली मोठी आहे. प्रशिक्षणाची पुस्तकं आहेत, कौशल्य तपासतात. म्हणजे काम कुशल आहे हे मान्य आहे. मग त्या ‘स्वयंसेविका’ कशा, आणि मिळतं ते ‘मानधन’ का? २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई संपावर गेल्या त्या याच दुखण्यासाठी. जामखेडच्या बायकाही काही सरकारी पगारावर नव्हत्या, हेही सांगायला हवं. त्यांनी शेळ्या पाळून, छोटे धंदे करून घर चालवलं. पण यादी जेव्हा सरकार करतं, तेव्हा यादीच्या शेवटी पगाराचा आकडा यायला नको का? कामाची यादी नुसती वाढवत न्यायची आणि मोबदल्याच्या वेळी ‘सेवा’ म्हणायचं, याला कॉम्पिटन्सी मॉडेल म्हणत नाहीत. आपल्याकडे त्याला वेठबिगार म्हणायचे.

आता कुणी म्हणेल, बाई, हे सगळं आरोग्याचं झालं. आमच्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या, पार्लर चालवणाऱ्या, डबे देणाऱ्या बायकांना याचा काय उपयोग? आहे. २०१३ साली केंद्र सरकारने कौशल्यांची एक राष्ट्रीय चौकट जाहीर केली. वेगवेगळ्या व्यवसायांसाठी तिथे याद्या केलेल्या आहेत. त्यात घरी शिवणकाम करणारी टेलर आहे, ब्यूटिशियन आहे, घरकाम करणारी ताईसुद्धा आहे. कुठल्याही कोर्सला न जाता हाताला आलेलं कसब तपासून त्याचं प्रमाणपत्र द्यायची सोयही आहे. तिला आरपीएल म्हणतात, म्हणजे आधीच्या शिकण्याला मान्यता. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून ती आहे. आपल्या बचत गटातल्या किती जणींना हे ठाऊक आहे? मी आमच्या गटात विचारलं तर वीसपैकी एकीने ऐकलं होतं, तेही टीव्हीवर. तेव्हा तालुक्याला, जिल्ह्याला कुठे चौकशी करायची ते करा. दहा वर्षं ब्लाउज शिवून जिचा खांदा कधी उतरला नाही, तिने स्वतःला ‘गृहिणी, शिक्षण नववी’ एवढंच का म्हणवून घ्यावं?

मात्र माझी एक तक्रार आहे आणि ती मी दडवणार नाही. या याद्या मुळात इंग्रजीत लिहिलेल्या, दिल्ली-मुंबईच्या टेबलावर. मराठीत येईपर्यंत त्यांची भाषा अशी होते, की कामाची माहिती असलेलीलाच ते काम ओळखू येऊ नये. एका ताईला तोंडी परीक्षेत ‘कार्यस्थळी जोखीम कशी व्यवस्थापित कराल?’ असं विचारलं म्हणे. ती गप्प. नंतर मला म्हणाली, ‘सुई पोटात गेली तर काय, पोरं खाली खेळत असली तर कात्री कुठं ठेवता, असं इचारलं असतं तर धडाधडा सांगितलं असतं.’ तिची भाकरी आख्खी होती हो, तपासणाऱ्याचीच चतकोर निघाली. शिवाय घाईघाईने तासा-दोन तासांत तपासणी, फोटो, प्रमाणपत्र, टाळ्या, असं झालं की कागद घरी येतो आणि गल्ल्यात एक रुपया वाढत नाही. कागद खरा ठरायचा तर तो बघून कुणीतरी जास्त मजुरी द्यायला हवी, बँकेने कर्ज द्यायला हवं.

आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, यादीत काय यायचं राहून जातं? बाई जे ‘आपोआप’ करते, असं सगळ्यांना वाटतं, तेच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. कुठलं वाण आपल्या मातीत टिकतं, बी कशात साठवलं की कीड लागत नाही, हे ज्ञान त्यांच्याकडे होतं. ‘बायफ’ संस्थेने ते ओळखलं, त्यातून बीज बँक उभी राहिली, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि मग आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्याआधी कितीतरी वर्षं ते ‘बायकांचं बियाणं निवडणं’च होतं. कुणाला ते कौशल्य वाटलं नव्हतं. राहीबाईंनाही अर्ज भरायला दिला असता तर रकाना कोराच राहिला असता ना?

असो. तर आमच्या वसतिगृहाचं काय झालं ते सांगते. मी समितीच्या दोघांना म्हटलं, अर्ज मागवण्याआधी यादी करू. आणि ती आपण नाही करायची. मी मावशींच्या घरी गेले. त्या ज्वारी निवडत होत्या. म्हटलं, ‘मावशी, तुम्हाला नोकरी द्यायला नाही आले. शिकायला आलेय. सत्तर मुलींचं भोजनगृह चालवायचं तर बाईला काय काय आलं पाहिजे, मला सांगा. मी लिहिते.’

त्यांनी आधी संशयाने बघितलं. मग सुरू झाल्या. उद्याचं माप आज रात्री. परीक्षेच्या दिवसांत पोरी कमी खातात, पण दहाला चहा मागतात. एकादशीला किती जणींचा उपास, ते आधी विचारायचं. पावसाळ्यात कणीक कमी भिजवायची. डाळ दुकानात मूठभर घेऊन पाण्यात टाकून बघायची, रंग सुटला की दुकानदाराच्या तोंडावर परत. हाताखालच्या दोघींना एकाच चुलीपाशी उभं करायचं नाही. सिलिंडर लावला की दाराआड खडूने तारीख लिहायची. मी लिहितेय, लिहितेय... अठ्ठावीस ओळी झाल्या. एकोणतिसावी त्यांनी उशिराने सांगितली.

‘आन एक. ताटावर बसलेली पोर बघायची. दोन दिस अर्धी पोळी टाकून उठली, की तिला इचारायचं. आई आजारी असती, न्हाईतर पैसं आलेलं नस्त्यात, न्हाईतर आनखी काय. ते बाकीच्यांच्या म्होरं न्हाई इचारायचं. भांडी घासताना इचारायचं.’

माझं पेन थांबलं. आमच्या जाहिरातीत हे कुठल्या शब्दांत लिहिणार होते मी?

तशीच लिहिली ती ओळ, त्यांच्याच शब्दांत. मग पुतणीसारखे प्रत्येक ओळीपुढे गोल काढले आणि मावशींना म्हटलं, आता तुमची तुम्हीच भाकरी भरा. त्या प्रामाणिक निघाल्या. बिलं फाइलला लावणं, महिन्याचा लेखी हिशेब, या दोन ठिकाणी त्यांनी चतकोरच भरली. तेवढंच शिकवायचं ठरलं. वसतिगृहातलीच कॉमर्सची एक मुलगी रोज संध्याकाळी अर्धा तास बसते त्यांच्यापाशी. डिसेंबरपासून मावशी कामावर आहेत, पगार आधीच्या बाईंइतकाच. समितीतल्या एकाने ‘शिक्षण कमी आहे, तर थोडा कमी...’ असं सुरू केलं होतं, तेव्हा मी ती एकोणतीस ओळींची यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, यातल्या कुठल्या ओळीचे पैसे कापायचे?

परवा मी भोजनगृहात गेले होते. यादी आता भिंतीवर आहे. मावशींचे दोन गोल चतकोरावरून अर्धे झालेत. मी कौतुक केलं तर त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘ते ऱ्हाऊ द्या बाई. आमची समद्यांची भाकरी भितीवर लावली. मुलाखत घेनाऱ्यांची यादी कुठंय?’

मी घरी आले आणि वही काढली. पहिली ओळ लिहिलीय : ‘समोरच्या बाईने रकाना कोरा ठेवला असेल तर पुढचा प्रश्न विचारते.’ तिच्यापुढे गोल काढलाय. अजून भरलेला नाही.